चौदा जिवंत माणसांची श्रद्धांजली

माझ्या मोबाईलमध्ये चौदा जिवंत माणसांची श्रद्धांजली तयार होती. भाऊबंदकीतला साठी ओलांडलेला माणूस लग्नात, साखरपुड्यात दिसला की मी त्याचा फोटो काढायचो. "इकडे बघा जरा, टोपी सरळ करा." बिचारे खूश व्हायचे, पोरगा किती मायेनं विचारतो म्हणायचे. घरी आलो की मागचा मांडव, खुर्च्या, नातवंडं पुसून टाकायची, खाली समई ठेवायची, वर दोन फुलं आणि मजकूर. तारखेची जागा तेवढी रिकामी.

हसू नका. आमच्या भागात मरणाचा निरोप देणं हे मानाचं काम होतं. माझे वडील सायकलवर तापीकाठची गावं पालथी घालायचे. आधी मयताच्या घरी जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी चेहरा बघायचे आणि मगच निघायचे. वाटेत कुणाच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. ते गेले तेव्हा मी पहिल्यांदा फोटो टाकला, आणि दोन दिवस मोबाईल थांबला नाही. शहाद्याला तीस वर्षं गणित शिकवलं, पण इतकी माणसं माझ्याशी कधी बोलली नव्हती. बाप गेला होता आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू?

मग चटक लागली. भाऊबंदकीच्या ग्रुपवर कुणी गेलं की पहिली बातमी माझी. सुरतला माझा एक चुलतभाऊ आहे, हरामखोर, त्यालाही हाच नाद. दोनदा त्यानं माझ्या आधी टाकलं तर मला जेवण गेलं नाही. बायको ताट सरकवून म्हणायची, "आज कोनी मरनं नही वाटस. तोंड उतरेल शे तुमनं!" मी तिच्यावर खेकसायचो. समाजसेवा म्हणजे काय तुला काय कळणार, असं बरंच काही बोलायचो. शाळेतून निवृत्त झाल्यावर तर सकाळी चहाच्या आधी मी कोण आजारी आहे याची चौकशी करायचो.

मागच्या वर्षी काकांच्या छातीत कळ आली. वडिलांचे धाकटे भाऊ. त्यांना नंदुरबारला दवाखान्यात नेलं, सोबत त्यांचा मुलगा होता. काकू गावातच थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मुलाचा फोन आला. रडत होता. "दादा, डॉक्टर म्हनस, आते काही खरं नही. सुरतले लई चाली ऱ्हायनूत." काकांना सुरतच्या मोठ्या दवाखान्यात हलवत होते. एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

आता माणसानं काय करावं? उलट फोन करावा, पैसे आहेत का विचारावं, गाडी काढावी. माझ्या डोक्यात एकच आलं. हा आता सुरतच्या भावाला फोन करणार. काकांचा फोटो तयारच होता. मी तारीख भरली आणि टाकून दिलं. वाचणार नाहीत हे डॉक्टरनंच सांगितलंय, तास दोन तासांचा फरक, त्यात काय एवढं! मग पांढरा सदरा घालून गावाला निघालो.

पोहोचलो तोवर जे व्हायचं ते झालं होतं. आमच्याकडे दारावर, म्हणजे मयताच्या घरी भेटायला, येणाऱ्या बाया गल्लीच्या तोंडापासूनच हंबरडा फोडतात. काकूकडे मोबाईल नव्हता. दवाखान्यात पाठवायला ती मऊ खिचडी शिजवत होती, आणि नवरा गेल्याचं तिला त्या रडण्यावरून कळलं. बायांनी चूल विझवली, खिचडी गोठ्यात नेऊन ओतली. काकूनं उंबऱ्यावर दोन्ही हात आपटून बांगड्या फोडल्या होत्या. काचा मनगटात घुसल्या होत्या, कुणीतरी चिंध्या बांधत होतं. मला बघताच ती गळ्यात पडली. "तू देखं का रे त्यासले?"

मी म्हणालो, "हो."

ती माझ्या खांद्यावर रडत होती आणि तिच्या पाठीमागे माझ्या हातात मोबाईल होता. किती जणांनी पाहिलं ते मी बघत होतो. तीनशेच्या वर गेले होते.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. तो इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या बायांनाही ऐकू गेलं. "कोनी टाकं ते? मन्हा बाप जित्ता शे! गाडीमा शे मन्हासंगे!"

रडणं एकदम थांबलं. एक बाई म्हणाली, "आय्य माय!" सगळ्यांचे डोळे माझ्यावर. मी घाम पुसत परसात गेलो. पोस्ट काढून टाकायला कितीसा वेळ लागतो? अंगठा तिथे नेला आणि थांबलो. काढली तर तीनशे माणसांसमोर मी खोटा. सुरतचा भाऊ जन्मभर दात काढणार. पण सुरत अजून लांब होतं, रस्ता खराब होता आणि काका सत्तरीचे. वाटेतच आटोपलं तर पोस्ट खरी ठरते. मी मोबाईल खिशात घातला. तिथेच, परसातल्या धुण्याच्या दगडाजवळ, मला कळलं की मी माणसातून उठलोय. कळलं तरी पोस्ट काढली नाही.

काकू मला शोधत मागे आली. कपाळ पुसलेलं, चिंध्यांतून रक्त येत होतं. मला वाटलं थोबाडीत मारेल, मारायलाच हवी होती. तिनं माझा हात धरला, देवघरापुढे नेऊन बसवलं. "हात जोड, भाऊ. तू शिकेल शे, मास्तर शे, तुन्हं देव ऐकस."

मी हात जोडले. ती शेजारी बसून काका वाचावेत म्हणून पुटपुटत होती. मीही डोळे मिटून पुटपुटत होतो, अगदी मनापासून. काका सुरतला पोहोचू नयेत म्हणून.

संध्याकाळी काकांच्या हृदयात जाळी बसवली. ते वाचले. काकू अजून गावभर सांगते की त्या दिवशी पुतण्या शेजारी बसून देवाला विनवत होता, म्हणून तिचं कुंकू राहिलं.