हवालदाराचा डावा हात

कस्तुराताई नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. निघोज्याच्या खेळण्यांच्या कंपनीत एकोणीस वर्षं काढली, पण मालकासमोरही आवाज कधी खाली आला नाही. यावा कशाला? काम चोख होतं ना! त्या कंपनीत 'बिनीची पलटण' नावाचा नऊ प्लॅस्टिकच्या सैनिकांचा संच बनायचा. सैनिकांना हात जोडणाऱ्या बारा बायकांच्या ताई लीडर. सैनिक उचलायचा, अंगठ्यानं खांदा दाबायचा, हलला नाही की खोक्यात. बघायची गरजच नाही. उजव्या हाताची खुंटी गोल, डाव्याची चौकोनी, त्यामुळे इकडचा हात तिकडे बसणारच नाही. चूक होऊच शकत नाही, म्हणून चूक झालीय का हे कुणी बघायचंही नाही. आता बोला!

घर मोशीला. नवरा ज्योतीराम भोसरीत एका वर्कशॉपात पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर होता. अकरा वर्षांपूर्वी त्या प्रेसनं त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं खाल्ली. मग तो एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन झाला. तिथं नियम निघाला, गाडी आली की सॅल्यूट ठोकायचा. ज्योतीराम डाव्या हातानं ठोकायचा. एका फ्लॅटवाल्यानं तक्रार केली, वॉचमनला साधा सॅल्यूट येत नाही म्हणून. आता ह्या माणसानं सांगावं की नाही, साहेब, हा बघा माझा हात? नाही सांगितलं. तेव्हापासून उजवा हात जो खिशात गेला तो लग्नात नाही, विहारात नाही, चारचौघांत कुठंच बाहेर येईना.

ताईंचं डोकंच फिरलं. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी रिजेक्ट मालातून पलटणीतला एक हवालदार उचलला आणि कानशीनं खुंट्या घासून त्याचा सॅल्यूटचा उजवा हात डावीकडे, डावा उजवीकडे बसवला. पंजा चपटा, पुढून-मागून सारखाच, त्यामुळे झकास बसला.

"हे घ्या," घरी येऊन त्या नवऱ्याला म्हणाल्या. "हा हवालदार डाव्या हातानं ठोकतो. ह्याला कोण बोलतंय बघू!"

ज्योतीराम हसला. किती दिवसांनी हसला! हवालदार टीव्हीशेजारी उभा राहिला.

पुढं त्याचा खांदा ढिला झाला म्हणून ताईंनी त्याला कंपनीत नेलं, चिकटवलं आणि टेबलावर ठेवलं. नेमकी त्याच दिवशी पुण्याच्या अ‍ॅनिमेशन स्टुडिओतली योगिनी आली. पलटणीवर लढाईचा सिनेमा काढायचा होता. ती दिग्दर्शक. "एक संच द्या ताई, कॉम्प्युटरवर हुबेहूब उतरवायचाय." ताईंनी स्वतःच्या हातानं नऊ सैनिक भरले. अंगठ्यानं खांदे दाबले. पक्के. संध्याकाळी आपला हवालदार सापडेना, तेव्हा झाडलोट करणाऱ्या छबूबाईला उगाच चार शब्द ऐकवले.

दोन वर्षांनी सिनेमा तयार झाला. मालक सुजितशेठची मंजुरी हवी, म्हणून योगिनीनं तो कंपनीच्या कॅन्टीनमध्ये भिंतीवर लावला. सगळी शिफ्ट बसली. रणगाडे काय, हेलिकॉप्टर काय, पोरींनी शिट्ट्या मारल्या! शेवटी पलटण ओळीत उभी राहिली. आठ सैनिकांचा सॅल्यूट उजव्या हातानं. हवालदाराचा डाव्या.

"थांबवा!" सुजितशेठ उठले. "ही काय चेष्टा? सैन्याची टिंगल केली म्हणतील लोक!"

"सर, तुमच्या संचात होतं तेच उतरवलंय," योगिनी म्हणाली. खोकं तिनं जपून ठेवलं होतं. त्यावर भरणाऱ्याचा नंबर होता, सात. अख्ख्या कॅन्टीनला ठाऊक होतं सात कोण ते.

दोन वर्षांपूर्वी टेबलावरून हरवलेला हवालदार कुठं गेला ते ताईंना आता कळलं. एकोणीस वर्षांचं नाव!

"हात उजवा करायला किती वेळ लागेल?" शेठनी विचारलं.

"दोन दिवस."

हे ऐकलं मात्र, ताई ताडकन उभ्या राहिल्या. "चूक माझी, शेठ. लीडर ठेवू नका, खुशाल लाइनीला बसते. पण त्याचा हात बदलू नका." आणि गेटवरचा सॅल्यूट, ती तक्रार, तो खिसा, सगळं सांगून टाकलं. "ह्या कारखान्यांच्या पट्ट्यात प्रेसवर बोटं गेलेला माणूस नाही अशी एक गल्ली दाखवा मला. त्यांनी सॅल्यूट करायचाच नाही का?"

मागून कंपनीच्या गेटवरचे दत्तोबा उठले, फौजेतून रिटायर झालेले. "शेठ, उजवा हात जायबंदी झालेला गडी डाव्यानं सॅल्यूट करताना आमी बघितलाय. त्याला कुणी हसत न्हाई."

"अहो, पण ह्याचा उजवा हात धडधाकट दिसतोय!"

"मग लढाईत जायबंदी झाला असं दाखवा की," ताई म्हणाल्या. "मी नुसत्या कानशीनं भागवलं. तुमच्याकडं तर एवढे कॉम्प्युटर आहेत!"

योगिनीनं वही उघडली होती. शेठनी कपाळाला हात लावला. "ताई, आता सिनेमाही तुम्हीच शिकवा."

"वेळ आली तर शिकवीन."

सिनेमा लागला तेव्हा कंपनीनं सगळ्यांना घरच्यांसकट चिंचवडच्या थिएटरात नेलं. ज्योतीरामला ताईंनी काहीच सांगितलं नव्हतं. पूल कोसळताना हवालदारानं सोबत्याला ढकलून वाचवलं आणि त्याचा उजवा हात लोखंडाखाली सापडला. ज्योतीराम खुर्चीत ताठ झाला. शेवटी पलटण ओळीत उभी राहिली. हवालदाराची उजवी बाही रिकामी होती. त्यानं डावा हात उचलला, खणखणीत सॅल्यूट ठोकला, आणि थिएटर टाळ्यांनी दणाणलं.

ताईंचं लक्ष पडद्याकडं नव्हतंच. "अहो, बघत काय बसलात? वाजवा की टाळ्या!"

"एका हातानं?" ज्योतीराम पुटपुटला.

ताईंनी त्याच्या खिशाकडं बघितलं. मग त्यानं उजवा हात खिशातून काढला आणि टाळी वाजवली. आवाज थोडा बद्द आला. दिवे लागले, माणसं वळून बघायला लागली, तरी तो वाजवतच राहिला.