ॲम्ब्रोज टॅपस्कॉट मागे जात नाही

ॲम्ब्रोज टॅपस्कॉट गेली एकतीस वर्षं माझा शेजारी आहे. चौतीस वर्षं त्याने आमच्या भागातल्या खेड्यापाड्यांची बस चालवली. समोरून गवताचा ट्रॅक्टर आला की अख्खी बस तो अर्धा मैल उलटी नेत असे, आणि तीही शिट्टी वाजवत, असं तो स्वतःच सांगतो. शिट्टीबद्दल मला शंका होती. बाकीचं मी त्या बसमध्ये बसून पाहिलेलं आहे.

निवृत्त झाल्यापासून दर मे महिन्यात तो बायकोला, म्हणजे मेव्हिसला, गाडीत घालून तीन दिवस इंग्लंडमधल्या आमच्या डेव्हन परगण्यातल्या गावांतून फिरवून आणतो. जन्मभर लोकांना फिरवलेला माणूस सुट्टीत दुसरं काय करणार?

गेल्या वर्षी मात्र त्या गाडीत मीही होते, आणि चक्क हेर म्हणून. त्यांची मुलगी रोवेना एका संध्याकाळी माझ्याकडे आली.

"काकू, तुम्ही जा त्यांच्याबरोबर. बाबा एकोणऐंशीचा झालाय. गाडीला एक ओरखडा जरी आला तरी मला सांगायचं. मग किल्ल्या माझ्याकडे."

"आणि नाही आला तर?"

"तर पुढच्या मेपर्यंत मी तोंड उघडणार नाही."

हा करार ॲम्ब्रोजलाही माहीत होता. निघायच्या दिवशी त्याने माझी बॅग डिकीत ठेवली आणि मागचं दार उघडून अदबीने म्हणाला, "या, पोलीसबाई. खिडकीशी बसा, म्हणजे सगळं नीट दिसेल."

डेव्हनचे आतले रस्ते म्हणजे दोन्ही बाजूंना माणसाहून उंच झाडोऱ्याचे बांध आणि मध्ये जेमतेम एक गाडी. मध्येमध्ये गाडी बाजूला घ्यायला जागा केलेली असते, तिला आपण बगल म्हणू. दोन गाड्या समोरासमोर आल्या की जिच्या मागे बगल जवळ, तिने मागे जायचं. पुढे जाणाऱ्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचलायचं, झाले आभार. दोन उचलली तर शिवी होते, तेवढं फक्त सांभाळायचं.

पहिल्याच दिवशी एका वळणावर पाववाल्याची व्हॅन समोर आली. बगल आमच्या मागे दहा पावलांवर होती. ॲम्ब्रोजने इंजिन बंद केलं.

"मेव्हिस, थर्मास."

मेव्हिसने गाडीतच समोर चौकड्यांचा रुमाल अंथरला, तीन कप मांडले, चहा ओतला आणि बिस्किटांचा डबा उघडला. पाववाल्याचा हात हॉर्नकडे गेला, त्याला कप दिसले, हात परत आला. चहा ओतून बसलेल्या माणसाला घाई करणं आमच्याकडे फारच वाईट दिसतं. बिचारा पाव मैल उलटा गेला. ॲम्ब्रोजने कप खाली ठेवला, गाडी पुढे काढली आणि राजासारखं एक बोट वर केलं.

"बगल आपल्या मागे होती," मी म्हटलं.

"होती का? मला तहान लागली होती."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एक गुरांचा डॉक्टर, एक दुधाचा टँकर आणि घोडा घेऊन चाललेली एक रागीट बाई, एवढे सगळे आमच्यापुढे उलटे गेले होते. घोडासुद्धा. माझ्या पोटात अकरा कप चहा होता. प्रत्येक गावात ही दोघं जुनं चर्च बघायला जात आणि मी आधी दुसरंच ठिकाण शोधत असे.

"फार हट्टी आहे गं तो," मेव्हिस म्हणाली, पण माझ्याकडे न बघता. मग मी जरा डोळे उघडे ठेवले. चौकात ॲम्ब्रोज नुसता थांबायचा आणि मेव्हिस हळूच म्हणायची, "डावीकडे मोकळं. उजवीकडे मोकळं." रात्रीच्या जेवणात वाढणारी मुलगी मागून आली, तर तो खुर्चीसकट वळला.

"ॲम्ब्रोज," मी म्हटलं, "मान?"

त्याने सॉसेज कापून संपवलं. "शेजारीणबाई, लोक मला हट्टी म्हणतात, म्हणू देत. हट्टी माणसाच्या किल्ल्या कोणी काढून घेत नाही."

रोवेनाला मी काही कळवलं नाही. मला ओरखड्याचं विचारलं होतं, मानेचं नव्हतं, अशी स्वतःची समजूत घातली. खरं तर मला त्याची कीव आली होती आणि थोडी भीतीही वाटत होती.

तिसऱ्या दिवशी रोवेना जेवायला आम्हाला येऊन भेटणार होती. ठरलेल्या गावाबाहेर पडून आम्ही जरा फेरी मारत होतो, आणि अरुंद रस्त्यात समोरून एक लाल गाडी आली. रोवेना. बगल? आमच्या मागे, बारा पावलांवर.

ती काच खाली करून ओरडली, "बाबा, मागे घे! ती काय, मागेच आहे!"

"मेव्हिस, थर्मास."

"थर्मास? बाबा, मी आहे!"

"मग चौथा कप काढ, मेव्हिस."

रोवेनाचा चेहरा गाडीच्या रंगाचा झाला. "हट्ट! नुसता हट्ट!" म्हणत तिने स्वतःचीच गाडी मागे सोडली. तिच्या गाडीत मागचं दाखवणारा पडदा आहे आणि ती त्या पडद्याकडेच बघते. त्या दिवशी मागच्या कॅमेऱ्याच्या डोळ्यावर शेतातला चिखल बसला होता. पडद्यात नुसता तपकिरी रंग, आणि त्या तपकिरी रंगावर भरवसा ठेवून तिने गाडी थेट रस्त्याकडेच्या चरात घातली. मागचं चाक खाली, पुढचं हवेत.

कोणी हसलं नाही. मेव्हिसने कप तोंडाला लावला तो बराच वेळ काढला नाही.

रोवेनाने जवळच्या शेतकऱ्याला फोन केला. जेवून ट्रॅक्टर आणतो, म्हणाला. रस्ता तर बंद. आता गावापर्यंत उलटंच जायला हवं होतं.

"बाबा, आता तरी मागे घे."

ॲम्ब्रोज दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिला. मग म्हणाला, "रोवेना, माझी मान वळत नाही. दीड वर्ष झालं. मागचं मला दिसतच नाही."

मला रडू आलं. अर्धा मैल बस उलटी नेणारा माणूस हा.

रोवेनाने त्याच्याकडे पाहिलं, मग चरातल्या आपल्या गाडीकडे. "माझी वळते," ती म्हणाली, "आणि बघ."

ती माझ्या शेजारी चढली आणि मागच्या काचेकडे तोंड करून सीटवर गुडघे टेकून बसली. सहा वर्षांची असताना ती अशीच बसायची आणि मागच्या गाड्यांना जीभ दाखवायची.

"मागे कोणी नाही, बाबा. थोडी डावीकडे. अजून. आता सरळ."

गाडी मागे निघाली. शंभर पावलांवर रोवेना फक्त "सरळ, सरळ" म्हणत होती, आणि पुढून हळूच शिट्टी ऐकू यायला लागली. शिट्टीबद्दलची माझी शंका मी इथे मागे घेते.

गावातल्या चौकात ॲम्ब्रोजने इंजिन बंद केलं, किल्ल्या काढल्या आणि न मागता खांद्यावरून मागे धरल्या.

"ओरखडा नाहीये," मी घाईने म्हटलं. "या गाडीला तरी."

"माहितीये, काकू," रोवेना म्हणाली. तिने किल्ल्या घेतल्या आणि त्याच्या त्या ताठ मानेवर ओठ टेकले.

या मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. गाडी रोवेना चालवत होती, ॲम्ब्रोज तिच्या शेजारी, मेव्हिस आणि मी मागे. त्याच वळणावर तीच पावाची व्हॅन समोर आली. बगल आमच्या मागे दहा पावलांवर. रोवेनाने पडद्याकडे पाहिलं, आरशात पाहिलं, मान वळवून इथेही मागे असलेल्या चराकडे पाहिलं, आणि इंजिन बंद केलं.

"आई, थर्मास."

पाववाल्याने कप ओळखले. एक उसासा टाकून तो मागे जायला लागला. रोवेनाचे दोन्ही हात कपात गुंतलेले, म्हणून शेजारी बसलेल्या ॲम्ब्रोजने एक बोट वर केलं.