डाव्या बाजूची शीर

माझी बायको स्वारगेटच्या स्टँडवर गाड्या पुकारायला बसायची. माईक तोंडाशी धरून दिवसभर एकच, 'कोल्हापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे.' घरीही आवाज तोच, खणखणीत. कात्रजच्या आमच्या इमारतीत तिने तिसऱ्या मजल्यावरून मला हाक मारली की खालचा वॉचमन 'ओ' द्यायचा. मला त्या आवाजाचा वैताग यायचा, खोटं कशाला बोलू.

गेल्या वर्षी भाकरी खाताना तिने जीभ चावली आणि रक्त काही केल्या थांबेना. दोन नॅपकिन भिजले. आरशासमोर नेऊन पाहिलं, तर जिभेच्या डाव्या कडेला करवंदाएवढी जांभळी गाठ. म्हणे, कित्येक महिन्यांपासून आहे, दुखत नव्हती म्हणून बोलले नाही. दिवसभर अखंड बोलणारी बाई, नेमकं हेच तेवढं बोलली नव्हती.

तपासण्या झाल्या. कर्करोग नाही, रक्तवाहिन्यांचा गुंता आहे, असं डॉक्टर म्हणाले आणि मी श्वास सोडला. तो पुरता सुटायच्या आत त्यांनी पुढचं सांगितलं.

"गाठ वाढतेय, काढायला हवी. आधी मानेतून डाव्या बाजूची शीर बांधून टाकू."

एवढं बोलून ते पुढच्या पेशंटकडे गेलेसुद्धा.

शीर. आपण या एका शब्दात काय काय कोंबून ठेवलंय. मान अवघडली की शीर आखडते, पाय मुरगळला की शिरेवर शीर चढते, सुई टोचायला शीर सापडत नाही. माझ्या मामाच्या मनगटातली शीर उसाच्या चरकात तुटली होती आणि त्याची बोटं जन्मभर वाकडी राहिली. माझ्या डोक्यात बसली ती हीच शीर. ती बांधली की अर्धी जीभ लुळी, आणि जीभ लुळी की बोलणं संपलं. विचारायला हवं होतं, कळतंय मला. पण ती शेजारीच बसली होती आणि तिच्यादेखत विचारायची माझी छाती होईना. डॉक्टर 'हो' म्हणाले असते तर? संमतीच्या कागदावर तिने सही केली. तिच्या सहीखाली, बायकोचं बोलणं जाणार अशी खात्री असताना, मीही केली.

ऑपरेशनला आठ दिवस होते. खराडीचं ऑफिस सुटलं की मी स्वारगेटला उतरायचो आणि खांबाला टेकून मोबाईलवर तिचा आवाज रेकॉर्ड करायचो. साताऱ्याची गाडी, सोलापूरची गाडी, हरवलेल्या पिशव्या, सगळं. एकाने विचारलं, काका, कुठली गाडी बघताय? म्हटलं, सगळ्याच. घरी बाथरूमची कडी लावून मी स्वतःची जीभ उचलून पाहायचो. खाली दोन निळ्या रेघा दिसायच्या. यातलीच एक बांधणार, असं वाटायचं.

ती मात्र नेहमीपेक्षा जास्त बोलत होती. गोधड्या कुठल्या कपाटात आहेत, तूरडाळीला किती शिट्ट्या, गीझरचं कुठलं बटण आधी दाबायचं. मला वाटायचं, हिला बिचारीला काही कल्पनाच नाही.

दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या संध्याकाळी चहा गाळता गाळता तिने विचारलं, "अहो, तुम्हाला माझ्याकडून काही ऐकायचंय का?"

धड बोललो असतो तर रडलोच असतो. म्हणून खेकसलो, "कुकरची शिट्टी कुठे ठेवतेस तेवढं सांग."

दुसऱ्या खणात, ती म्हणाली.

ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर येऊन सांगू लागले, शीर बांधल्यामुळे रक्त फारसं गेलंच नाही. मी म्हटलं, पण आता ती बोलणार कशी? मग त्यांनी केसपेपरच्या पाठीवर जिभेचं चित्र काढून दाखवलं. रक्त आणणाऱ्या धमन्या दोन, डावी आणि उजवी. मानेतून वर येतात, गळ्यातल्या हाडाशेजारून जिभेच्या बुडात शिरतात आणि आत खोलवरून शेंड्याकडे जातात. मधोमध पडदा असल्यामुळे दोन्ही बाजूंचं फारसं मिसळत नाही, पण शेंड्याला त्या एकमेकींना भेटतात. एक बांधली तरी जीभ जगते. तुम्हाला दिसतात त्या निळ्या रेघा वेगळ्याच, त्या रक्त परत नेणाऱ्या. आणि जीभ हलवते ती नस निराळी, तिला आम्ही धक्काही लावलेला नाही.

आता नस म्हणजे काय, असं मी लगेच विचारलं. मज्जातंतू, ते म्हणाले. मी तिथेच बाकावर बसून रडलो. आठ दिवस फुकट मेलो म्हणून स्वतःचा रागही आला.

तिसऱ्या दिवशी तिची सूज उतरली. मी तो कागद तिच्यासमोर धरला आणि माझा मूर्खपणा सगळा सांगितला, हसेल म्हणून. ती हसली नाही. म्हणाली, मलाही तेच वाटलं होतं. जड जिभेने एकेक शब्द सावकाश येत होता. गोधड्या आणि डाळीच्या शिट्ट्या मला तेव्हा कळल्या.

"म्हणजे माझं बोलणं जाणार असं तुम्हालाही वाटत होतं," ती म्हणाली. "तरी तुम्ही कुकरची शिट्टीच विचारलीत?"

मी खिशातून मोबाईल काढला आणि रेकॉर्डिंग लावलं. कोल्हापूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे. पलीकडच्या खाटेवरच्या आजी दचकून उठून बसल्या. ती माझा हात धरून पडून राहिली आणि आठही दिवसांच्या सगळ्या गाड्या सुटेपर्यंत तिने तो सोडला नाही.