बी ड्राइव्हमधल्या गाई

भुजंग बोखारेला पूर्णेत लोक ‘हेडवाला’ म्हणत. आवाज गोणपाटात गुंडाळल्यासारखा येतोय म्हणून कुणी टेपरेकॉर्डर घेऊन आलं, की तो कॅसेट चालू ठेवायचा, टेप वाचणाऱ्या हेडच्या कडेचा बारीक स्क्रू हलके हलके फिरवायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. गाणाऱ्याचा श्वास ऐकू आला की हात थांबायचा. मग स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा एक थेंब. बाटली बायकोची, थेंब त्याची सही.

दुसऱ्या कारागिराचा थेंब दिसला तर तो आधी खरवडून टाकायचा. धंद्यातले सगळेच तसं करत. दुसऱ्याच्या खुणेवर काम करणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं खाणं, असं त्याच्या उस्तादानं त्याला शिकवलं होतं. शेत भावाला सोडून तो नांदेडला त्या उस्तादाकडं राहिला होता, आणि उस्तादाच्या बोलण्यावर शंका घ्यायची सवय त्याला कधी लागलीच नाही.

त्याची बायको गीताबाई बोरीची. मॅट्रिक झालेली, टायपिंगची परीक्षा दिलेली. लाल कंधारी गाईंची नोंद करणाऱ्या एका संस्थेनं पूर्णेच्या जनावरांच्या बाजाराशेजारी एक खोली घेतली, तिथं कॉम्प्युटर ठेवला आणि गीताबाईला तात्पुरतं नेमलं. बाजाराला येणारे गाईवाले तिच्यासमोर उभे राहायचे. गाव, मालक, गाईचं नाव, वेतं किती, ती विचारायची आणि टाइप करायची. कागद नव्हता. परभणीच्या मुख्य कचेरीतले सचिव माणिकराव यांना त्याचाच अभिमान होता. “कागद बंद. आता सगळं फ्लॉपीवर,” ते सांगत.

मशीनला फ्लॉपी घालायच्या दोन फटी, म्हणजे ड्राइव्ह, होत्या. वरची ए, खालची बी. वरच्या फटीत परभणीहून आलेली प्रोग्रामची फ्लॉपी घालायची, खालच्या फटीत कोरी. जे लिहिलं ते सगळं खालच्या फ्लॉपीत जायचं. भरलेल्या फ्लॉप्या परभणीला जात आणि तिथल्या कपाटात पडून राहत.

वर्ष सरत आल्यावर एकदा ते कपाट उघडलं. माणिकरावांनी एकेक फ्लॉपी त्यांच्या मशीनमध्ये घालून पाहिली. मशीन घरघरलं आणि पडद्यावर वाचता येत नसल्याचा निरोप आला. सगळ्या तशाच.

त्यांनी भुजंगला बोलावणं धाडलं. त्या दिवशी कुठला तरी बंद होता. विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूनं की विरोधात, हे स्टँडवर कुणालाच नीट सांगता येईना. एसट्या उभ्या होत्या. भुजंग रेल्वेनं गेला.

“भुजंगराव, तुम्ही घरचे म्हणून सांगतो,” माणिकराव म्हणाले. “संस्थेची मंडळी म्हणायलेत, बाई नुसती बसून होती. शनिवारी बैठक आहे. काही निघालं नाही तर मला तिला ठेवता येणार नाही. आणि बोभाटा व्हायचा तो होणारच.”

“मशीनचा दोष असंल साहेब.”

“मग काढा तो दोष. माझी कुठं ना आहे?”

त्यांनी परभणीच्या मशीनवर लिहिलेली एक फ्लॉपी दिली आणि गीताबाईच्या सगळ्या परत दिल्या.

गीताबाई त्या वेळी भावाच्या लग्नाला बोरीला गेली होती. भुजंगनं खोलीची किल्ली घेतली. परभणीची फ्लॉपी वरच्या ड्राइव्हमध्ये वाचली गेली. खालच्यात नाही. रोग सापडला होता. त्यानं बी ड्राइव्ह उघडला. हेडला मागंपुढं सरकवणाऱ्या मोटरच्या स्क्रूवर लाल थेंब होता. त्यानं तो खरवडला, फटींतली धूळ पुसली, स्क्रू ढिले करून मोटर किंचित वळवली. कॅसेटमध्ये चुकलं तरी गाणं दबकं का होईना ऐकू येतं आणि कोणत्या बाजूला वळायचं ते कळतं. इथं अर्धं काही नव्हतं. घरघर, घरघर, आणि मग अचानक परभणीची फ्लॉपी सगळी वाचली गेली. त्यानं स्क्रू आवळले आणि आपला थेंब लावला.

बीमध्ये नव्या फ्लॉपीवर चार ओळी लिहून त्यानं ती परभणीला नेली. तिथं ती वाचली गेली. माणिकरावांनी चहा मागवला. चहा येईपर्यंत त्यांनी गीताबाईची एक जुनी फ्लॉपी घातली. घरघर. दुसरी. घरघर.

“आता मशीनला बोल लावायची सोय राहिली नाही, भुजंगराव,” ते खाली बघत म्हणाले.

परतीच्या गाडीत भुजंग खिडकीशी बसला. दोन्ही मशीन आता एकमेकांचं वाचत होती. मग हिच्याच फ्लॉप्या का मुक्या? त्याच्या मनात एक विचार आला आणि तो त्यानं लगेच झटकला. मिरखेल स्टेशन येईस्तोवर तो परत आला. बाजाराच्या गर्दीत बाई टकटक करते एवढंच लोकांनी पाहिलेलं. पडद्यावर काय उमटतं ते कुणी पाहिलं होतं? त्यानं तरी कुठं पाहिलं होतं? घरी ती जेवताना गाईंची नावं सांगायची. चंद्री, मोरी, पवळी. नावं काय, कुणीही सांगंल.

गीताबाई बोरीहून आली, सगळं ऐकलं आणि डोक्यावरचा पदर सावरत तशीच खोलीवर गेली. भुजंग मागून. तिनं खोलीतली आपली अर्धी भरलेली फ्लॉपी बीमध्ये घातली. घरघर. तिनं ती काढून पुसली, परत घातली. घरघर.

“मी जायच्या आदल्या दिवशी ही चालत होती.”

“आता मशीन दुरुस्त हाय,” भुजंग म्हणाला.

“तुमी काय हलवलं?”

“दुरुस्त केलं म्हनलं ना.”

“काय हलवलं, ते इचारायले मी.”

त्यानं सांगितलं. फ्लॉपीवर न दिसणाऱ्या गोल सऱ्या असतात, हेड त्यांवरून चालतं. तिच्या ड्राइव्हचं हेड केसभर सरकलेलं होतं, ते त्यानं परभणीच्या सऱ्यांवर आणलं.

गीताबाई स्टुलावर बसली. “आमच्या आप्पांनी एकदा तण काढायला शेजारच्याचं कोळपं आणलं व्हतं,” ती म्हणाली. “कोळपं चांगलं, बैल चांगले. पर पेरलं व्हतं आमच्या तिफणीनं. सऱ्यांचं अंतर येगळं. निम्मी जवारी कापून निघाली. माझ्या गाई मी त्या जुन्या अंतरावर पेरल्यात वो. तुमी कोळपं बदललं.”

भुजंगला ते समजलं, आणि तो ड्राइव्हवर वाकून बघू लागला. जुनं अंतर कुठं होतं? त्याची खूण तो लाल थेंब होता. तो त्यानंच नखानं उडवला होता, आणि धूळही इतकी स्वच्छ पुसली होती की मोटर आधी कुठं होती याची रेघसुद्धा उरली नव्हती.

“परत वाकडं करा,” ती म्हणाली.

“किती वाकडं?”

“मला काय माहीत? वाकडं करनारे तुमी.”

आजवर त्यानं बिघडलेलं सरळ केलं होतं. सरळ केलेलं नेमकं तेवढंच बिघडवायचं कसं, हे उस्तादानं शिकवलं नव्हतं. तो स्क्रू ढिला करायचा, मोटर कणभर वळवायचा, ती कळ दाबायची, घरघर व्हायची. एका बाजूला पार गेला, मग दुसऱ्या बाजूला. बाहेर बाजार भरला होता. चारठाण्याचा एक म्हातारा दारातून डोकावला. “बाई, आज लिव्हायचं न्हाई का?” “आज लिव्हलेलं हुडकायले, बाबा,” ती म्हणाली. भुजंगच्या मनात तो विचार पुन्हा उभा राहिला: समजा, हुडकायला काही नसंलच तर? त्यानं मान वर केली. ती त्याच्याकडंच बघत होती.

“फिरवा,” ती म्हणाली.

त्यानं फिरवलं. घरघरीच्या जागी बारीक टक टक टक असा आवाज आला. गीताबाईनं त्याचा हात धरला. “हां! हलवू नका.”

पडदा भरू लागला. इंग्रजी अक्षरांत गावं, मालक, गाई. चंद्री, चारठाणा, तीन वेतं. पवळी. मोरी, शिंग मोडकं. पडदा भरायचा, वर सरकायचा, पुन्हा भरायचा. भुजंग वाचत राहिला, कारण वाचणं थांबवलं असतं तर तिच्याकडं बघावं लागलं असतं.

बी वाकडाच ठेवून त्यांनी एकेक फ्लॉपी तिथं वाचली आणि वरच्या ड्राइव्हमध्ये कोऱ्या फ्लॉपीवर उतरवली. बैठकीच्या आधी परभणीच्या पडद्यावर गाई चालू लागल्या. माणिकराव खुर्चीतून उठले. “बाई, माफ करा,” ते म्हणाले, आणि मग भुजंगला, “पण चूक नेमकी कोणत्या मशीनची?”

भुजंग मनाशी ताडून पाहू लागला. टेपरेकॉर्डरसाठी कंपनीची कॅसेट असते, तिच्यावर हेड जुळवता येतं. इथं प्रोग्रामची फ्लॉपीसुद्धा परभणीतच उतरवलेली होती. वरचा ड्राइव्ह तिच्याशी जुळला म्हणून तो सरळ, परभणीचा त्याच्याशी जुळला म्हणून तोही सरळ. आणि दोघंही मिळून तिरके असले तर? एकटा बीच सरळ असला तर? तिसरा कुणी नव्हता.

“जुळत नव्हती, साहेब,” तो म्हणाला. “एवढंच कळलं.”

पूर्णेला आल्यावर बी परत परभणीशी जुळवायचा होता. त्यानं स्क्रूड्रायव्हर काढला, पण स्क्रूला लावला नाही. गीताबाई शेजारी उभी होती.

“माझ्या फ्लॉप्या कोऱ्या हाईत, असं तुमाला वाटलं व्हतं का वो?”

कॅसेट असती तर त्यानं दबकं का होईना, काही ऐकवलं असतं. इथंही अर्धं काही नव्हतं.

“वाटलं व्हतं,” तो म्हणाला.

पिशवीतून खिळा काढून तिनं त्याच्या हातात दिला. “हलवायच्या आधी पत्र्यावर रेघ मारा. आन् नेलपॉलिश इकडं द्या. ती माझी हाय.”

त्यानं बाटली दिली. पुढं त्याच्या दुकानात नेलपॉलिशच्या जागी मेणाचा थेंब आला. दुसऱ्याचा थेंब तो खरवडायचा, पण आधी त्याच्या बाजूला खिळ्यानं एक बारीक रेघ ओढायचा. बाकीचे कारागीर हसत. “भुजंग्या, दुसऱ्याची चूक जपून ठेवायलास का?”

“चूक हाय का न्हाई, ते कुठं माहीत हाय,” तो म्हणायचा, आणि रेघ पुन्हा एकदा गिरवायचा.