दंडाचा रंग, तोंडाचा रंग

मिठबावला माझं लग्न ठरलं आणि माझ्या हनुवटीवरचे केस हा घरचा विषय झाला. लग्नासाठी दादा-वहिनी दुबईहून सुट्टीवर आले, ते उजेडाने केस घालवायचं मशीन घेऊन. वहिनीने ते खास माझ्यासाठी आणलं होतं. तेव्हा असली वस्तू आमच्याकडे कुणी पाहिलीही नव्हती. मी तर हरखूनच गेले.

डब्यात कातडीच्या रंगांचं एक कार्ड होतं. गडद रंगांवर फुली मारलेली, म्हणजे त्यांना हे मशीन चालणार नाही. वहिनीने माझी बाही वर सरकवून कार्ड दंडाला लावलं. "बघ गो, जुळता!" आम्ही दोघी खूश. दंडाला ऊन कधी लागलंच नव्हतं. तोंड मात्र रोज सकाळी किनाऱ्यावर मासळी सुकत घालताना रापत होतं, हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही. शहाण्याच आम्ही!

वहिनी ते मशीन थेट हनुवटीला लावणार, तोच मी मागे सरले. मासळीची टोपली घेण्याआधी एका बांगड्याचे कल्ले उचलून ताजेपणा बघायची मला खोड. म्हटलं, "आधी हातार मार." मनगटाच्या वर, तोंडासारख्याच रापलेल्या कातडीवर लखकन चमकलं आणि सणसणीत चटका बसला. दुसऱ्या दिवशी तिथे काळा चौकोन उठला.

वहिनीचं तोंड उतरलं. मग कुठे तिने डब्यातली माहिती नीट वाचली. उन्हाने रापलेल्या कातडीवर मारायचं नाही, आधी आणि नंतरही ऊन टाळायचं. नाहीतर उजेड केसांबरोबर कातडीही भाजतो. "ह्या तुझ्या तोंडार उठला असता तर गो?" माझा चेहरा दोन्ही हातांत धरून ती रडायलाच लागली.

आईने मासळी सुकत घालायचं काम दादाच्या गळ्यात मारलं. तो कुरकुरत गेला. मी लांब बाह्या घालून सावलीत बसले. हनुवटीचे केस शेवटी वहिनीने दोऱ्याने काढले, तेव्हा माझं बोंबलणं शेजारपाजारच्यांनी ऐकलं. हातावरचा डाग लग्नापर्यंत काही गेला नाही, पण हिरव्या चुड्याखाली कुणाला दिसलाही नाही.

मांडवात नवऱ्याकडची एक बाई नवरीकडे, म्हणजे माझ्याकडे बघत दुसरीच्या कानाशी लागली, "व्हकल सावळी आसा हां." वहिनी चिडून काही बोलणार, तर मी तिचा हात दाबला. सावळी तर सावळी, पण कपाळापासून हनुवटीपर्यंत एकसारखी सावळी होते मी. तो शब्द ऐकून आयुष्यात पहिल्यांदा मला आनंद झाला.