मी ‘सुम्मा’ बसलेली नाही हो!

चेन्नईकर मंडळी, आज माझ्याच तोंडाने मी घात करून घेतलाय.

मी ओरगडमच्या कारखान्यांसाठी घरून मशीनची ड्रॉइंग्ज काढते. नोकरी नाही, त्यामुळे सॅलरी स्लिप नाही. गृहकर्जासाठी रिटर्न, बिलं, बँक स्टेटमेंट, सगळं दिलं होतं. फक्त बँकेचा माणूस घरी येऊन चौकशी करणार होता.

दुपारी बेल वाजली. दारातल्या माणसाने हसून विचारलं, “एन्न पण्णरींग?” काय करताय? शेजारच्या अक्का जिन्यात रोज हेच विचारतात आणि उत्तरही त्यांनीच शिकवलंय, “सुम्मा दान इरुक्केन.” काही नाही, बसलेय अशीच. मी तेच ठोकून दिलं. वर तमिळ जमलं म्हणून खूश! त्याने फोनवर काहीतरी टिपलं, दाराचा फोटो काढला आणि गेला.

संध्याकाळी बँकेतून फोन. “मॅडम, काही करत नाही असं तुम्हीच सांगितलंत ना?”

अहो, तो माझा व्यवसाय विचारत होता! आत स्क्रीनवर अर्धवट झालेलं ड्रॉइंग उघडं होतं. कितीदा सांगितलं, पण “रिपोर्ट गेला” एवढंच उत्तर.

सोमवारपर्यंत कर्ज मंजूर झालं नाही, तर आम्ही ठरवलेला फ्लॅट दुसऱ्याला जाईल. तळमजल्यावरचा आहे. गुडघ्यांमुळे आई दिवाळीपासून आमचे तीन मजले उतरलेली नाही. फोन ऐकून म्हणाली, “राहू दे गं. मला कुठे जायचंय खाली?”

कोणी यातून गेलंय का? मी काम करते, हे आता कोणाकडून लिहून आणू? प्लीज सांगा. आई मघापासून खिडकीतून खाली बघत बसलीये.