सहावीचं मंत्रिमंडळ

"उचल, बाळ," गुरुजी म्हणाले.

खराटा जमिनीवर होता. त्याला कण्हेरीचं फूल बांधलं होतं. माझ्या आधी चौघांना त्यांच्या खात्याची वस्तू सोसायटीच्या चेअरमनसाहेबांनी हातात दिली होती. मुख्यमंत्र्याला शिट्टी. अर्थमंत्र्याला पेटीची किल्ली. पाणीमंत्र्याला लांब दांड्याचं ओगराळं. आरोग्यमंत्रिणीला नखं कापायची कात्री. प्रत्येकाच्या पाठीवर थाप. माझी पाळी आली तेव्हा साहेबांनी खराटा घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि तो माझ्या पायांपुढं ठेवला. टाकला नाही. ठेवला. सभ्य माणूस होता.

मी उचलला. टाळ्या झाल्या.

दाराशी माझे वडील उभे होते. धुतलेलं धोतर, पांढरी टोपी. तेही टाळ्या वाजवत होते. इतरांपेक्षा जरा उशिरा, जरा हळू. पण वाजवत होते.

ह्या टाळ्या मी अजून विसरले नाही. बाकीच्यांच्या विसरले.

आमचं गाव शिरूर तालुक्यात. वडील, म्हणजे आबा, गावचे येसकर. चावडी झाडायची, सांगावे पोचवायचे, मेलेली जनावरं ओढायची, दारोदार भाकरी मागायची. आम्ही बौद्ध झालो त्या वर्षी आबांनी चावडीवर जाऊन काठी खाली ठेवली आणि सांगितलं, आजपासून गावकी बंद. गावानं मग आम्हाला बंद केलं. शेतावर काम नाही, दुकानात मीठ नाही. दोन वर्षं कशीबशी काढली आणि दौंडला आलो. रेल्वेच्या गँगमध्ये आबांना काम मिळालं. रुळाखाली खडी सारायची. हात सोलून निघायचे, पण आबा म्हणायचे, "हितं कुनी भाकर वरनं टाकत न्हाई."

मला सहावीत घातलं. सातवीची परीक्षा पास झालं की शिक्षिकेचं ट्रेनिंग मिळतं, हे आबांना कुणीतरी सांगितलं होतं. आमच्या वस्तीतून सहावीत पोचलेली मी एकटी. माझ्या सातवीवर घरानं किती भार टाकला होता, ते मला तेव्हाही कळत होतं.

महाराष्ट्र राज्य नवं झालं होतं. मंत्रिमंडळांची हौस सगळ्यांनाच होती, आमच्या गुरुजींना जरा जास्त. गुरुजी खादीचे, पुण्याकडचे. बोलणं गोड. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'सहावीचे नियम'. आम्ही वहीत उतरवून घेतले. घंटेआधी पाच मिनिटं हजर. नखं, केस, दात यांची रोज तपासणी. प्रार्थनेनंतर मंत्र्यांनी आपापली खाती सांभाळावीत. पहिला तास गणिताचा, त्यात हयगय चालणार नाही.

शेवटचे दोन नियम एकाच वेळी पाळायचे आहेत, हे मला दिसलं नाही. फळ्यावर ते एकाखाली एक लिहिले होते.

मग खातेवाटप. निवडणूक झाली नाही. तेवढं सोडलं तर सगळं लोकशाहीप्रमाणं. सोसायटीच्या चेअरमनचा मुलगा मुख्यमंत्री. त्याच्या मळ्याशेजारचा पाणीमंत्री. स्टेशनापुढच्या बेकरीवाल्यांची शमीम आरोग्यमंत्री. मग गुरुजींनी वर्गावर नजर फिरवली. खरं तर फिरवायची गरज नव्हती. मी दाराजवळ एकटीच तरटावर बसले होते.

"सफाई हे सर्वांत थोर खातं," ते म्हणाले. "ते मी हिला देतो."

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू. सबंध शाळेत आजवर मला कुणी काही दिलं नव्हतं. मी घरापर्यंत पळत गेले.

"आबा, मी मंत्री झाले!"

आबांनी गँगच्या मुकादमाकडे अर्ध्या दिवसाची सुट्टी मागितली. कारण सांगितलं, पोरीचा शपथविधी हाय. गँगमधली माणसं आठवडाभर त्यांना मंत्र्याचा बाप म्हणून हाक मारत होती.

"मंत्र्याचं बाप, तेवढी आमची बदली बघा की!"

"बघू, बघू. अर्ज टाका," आबा म्हणायचे.

कुठलं खातं ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मला ते महत्त्वाचं वाटलं नव्हतं.

शपथविधीहून परत येताना आबा रुळाच्या कडेनं पुढं चालले होते, मी मागं. वाटेत त्यांनी टोपी काढून, घडी करून खिशात घातली.

"शपथ बरी म्हनलीस. चुकली न्हाईस."

एवढंच.

दुसऱ्या दिवसापासून कारभार सुरू झाला. प्रार्थना. मग नखांची तपासणी. शमीम एकेकाची बोटं हातात धरून बघायची. माझी धरली तेव्हा गुरुजी म्हणाले, "लांबूनच बघ, दिसतात." मग गुरुजी टाळी वाजवायचे. "मंत्र्यांनो, कामाला!" मुख्यमंत्री बसल्या जागी हजेरी मांडायचा. अर्थमंत्री बसल्या जागी किल्ली सांभाळायचा. पाणीमंत्र्याचं काम मधल्या सुट्टीत. एकट्या माझ्या खात्याला दौरा होता. अंगण, व्हरांडा आणि मागची मुतारी. पोरांची मुतारी. पाण्याच्या बादल्या पंपावरून आणायच्या, तोही हापसायला दुसऱ्या कुणाला सांगायचं, कारण दांड्याला मी हात लावायचा नाही. फिनेल टाकायचं, खराटा मारायचा. मग हातपाय धुऊन वर्गाच्या दाराशी यावं तर भूगोल सुरू झालेला असायचा.

"मंत्र्यांना गनित माफ असतंय वाटतं," शमीम एकदा हळूच म्हणाली. ती थट्टा होती. मी हसलेसुद्धा.

महिन्यानं चाचणी झाली. अपूर्णांकांची. प्रश्न बघितले. ते आकडे एकमेकांच्या डोक्यावर का बसलेत हेच मला माहीत नव्हतं. पंचवीसपैकी दोन मिळाले. तेही पाढ्याचे.

गुरुजींनी पेपर वर्गात वाचून दाखवले. माझ्यापाशी आले तेव्हा आवाज मऊ केला.

"हिच्यावर रागावण्यात अर्थ नाही," ते वर्गाला म्हणाले. "पिढ्यान्‌पिढ्या सवयच नाही. गणित ह्यांच्या डोक्यात शिरायला अजून काळ जावा लागेल." मग माझ्याकडे वळून, "वाईट वाटून घेऊ नकोस. तुझं खातं तू उत्तम सांभाळतेस."

त्यांना खरंच माझी दया आली होती. मी नंतर पुष्कळ वाचलं. तुच्छतेबद्दल जाड जाड ग्रंथ आहेत. पण एखाद्याला तासाच्या बाहेर ठेवून, त्याला तास समजला नाही म्हणून हळहळणारा माणूस मला एकाही ग्रंथात भेटला नाही. तो मला सहावीत भेटला.

संध्याकाळी आबांना पेपर दाखवला. त्यांना वाचता येत नव्हतं, पण लाल शाई कळत होती.

"कशामुळं?"

"गणिताच्या तासाला मी मुतारी धुते."

आबा चुलीजवळ बसले होते. हातांना खडीचे चिरे पडले होते, त्यांवर आई तेल लावत होती. त्यांनी हात मागं घेतला.

"रोज?"

"रोज."

मला वाटलं आबा उठतील. चावडीवर काठी ठेवणारा माणूस. आबा उठले नाहीत.

"येवढं वरीस कळ काढ," ते म्हणाले. "गाव सोडलं, आता शाळा सोडली तर कुठं जायाचं? सातवी झाली म्हंजी मग..."

"गणितात गेले तर सातवी कशी व्हईल, आबा?"

आबा म्हणाले, "गावात ह्या कामाला गावकी तरी म्हनत व्हते."

मी त्यांच्यावर रागावले नाही. त्यांचं सोडून झालं होतं. हे मलाच सोडायला पाहिजे होतं.

सकाळी प्रार्थना झाली. नखं झाली. टाळी वाजली. मी तरटावर पाटी घेऊन बसून राहिले.

"तू?" गुरुजी म्हणाले.

"मी गणिताला बसले हाय."

"आधी आपलं काम."

"हेच माजं काम हाय."

गुरुजींचा आवाज अजून गोडच. "बाळ, तू शपथ घेतली आहेस. सगळ्यांसमोर."

"ती मी मोडली."

"गुरुजी, मुतारी लई घाण झालीया," चेअरमनचा मुलगा म्हणाला.

"मग झाड की," मी म्हणाले. "मुख्यमंत्र्याकडं सगळी खाती असत्यात."

कुणीतरी फिसकन हसलं. शमीमच असावी. गुरुजींचा चेहरा तेव्हा बदलला. गोडी गेली.

"वर्गाबाहेर उभी राहा."

मी बाहेर गेले. पण व्हरांड्यात नाही. वळसा घालून फळ्यासमोरच्या खिडकीपाशी गेले आणि गजाला पाटी टेकवून गणितं उतरवायला लागले. बाहेर उभं राहायला सांगितलं होतं, कुठं ते सांगितलं नव्हतं. गुरुजींच्या पाठीमुळं फळ्याचा कोपरा झाकला की शमीम, खिडकीशी बसायची ती, आपली पाटी हळूच माझ्याकडे तिरकी करायची. भुरभूर पाऊस असायचा. पाटी पदराखाली धरून मी छेद समान करायला शिकले.

चार दिवस असं चाललं. मुतारीला कुणी हात लावला नाही. आषाढातला वारा पश्चिमेचा, आणि मुतारी वर्गाच्या पश्चिमेला. चौथ्या दिवशी गुरुजी नाकाला खादीचा रुमाल लावून त्रैराशिक शिकवत होते.

पाचव्या दिवशी टाळी वाजलीच नाही. गुरुजी माझ्याकडे न बघता म्हणाले, "बस जागेवर."

मी जिंकले होते. तरटावर बसले. फळ्यावर गणित पडलं. मी सोडवलं. उत्तर शमीमशी जुळलं. इतका आनंद मला मंत्री झाल्यावरही झाला नव्हता.

मग बाहेरून खर्र खर्र आवाज आला.

मी दाराजवळ बसत असे, म्हणून मला दिसलं. हौसा. आमच्या वस्तीच्या पलीकडं मांगवाडा होता, तिथली. तिसरीतली. आठ वर्षांची असेल. खराटा तिच्याहून उंच होता. दोन्ही हातांनी धरून ती अंगणात ओढत होती.

गुरुजी म्हणाले, "मंत्रिमंडळात थोडा फेरबदल केला आहे. लहान आहे, पण चुणचुणीत आहे."

मी खाली मान घातली आणि दुसरं गणित सोडवलं. हे लिहायला लाज वाटते. म्हणूनच लिहिते आहे. खराट्याचा आवाज चालू होता आणि मी एक सबंध गणित सोडवलं. बरोबर आलं. तिसरं लिहून घेतलं, आणि मग आकडे दिसेनात. माझा तास मला मिळाला होता, पण तो कुणाच्या तासातून कापून मिळाला होता ते अंगणात उभं होतं.

मी उठले.

"कुठं निघालीस?"

"हौसाला तिच्या वर्गात पोचवून येते."

"आत्ता गेलीस तर परत आत घेणार नाही. नीट ऐक. परत नाही."

"ऐकलं, गुरुजी."

हौसाचा हात धरला तर ती मागं ओढायला लागली.

"सोड की, ताई! माजं काम ऱ्हायलंय. मला मंत्री केलंय!"

तिचे डोळे चमकत होते. मी ओळखले ते डोळे.

"मंत्री न्हाईस तू. तिसरीतली पोरगी हाईस. पाढे कुठवर येत्यात?"

"धा पतूर."

"आत अकराचा चाललाय. ऐकू येतंय का? तुज्याबिगर चाललाय."

ती थांबली. कान दिला. खरंच चालला होता, चाळीस पोरांच्या तोंडून. तिनं खराटा सोडला आणि परकराला हात पुसले.

तिसरीच्या दारात मी तिला पुढं केलं. "हिला आत घ्या. हिचा गणिताचा तास हाय." तिसरीचे मास्तर माझ्या डोक्यावरून पलीकडं बघायला लागले, कारण आमचे गुरुजी माझ्या मागं येऊन उभे राहिले होते.

"तुला कळतंय का तू काय करतेस? तुला तर मी सोडलं होतं ना?"

"व्हय. मला सोडलं आन् हिला धरलं." मी वळून म्हणाले. "उद्या दुसऱ्या कुणाला धराल, तिला बी आनून बसवीन. परवा जिला धराल तिला बी. माजं नाव काढायचं तर काढा. मी फाटकाबाहेरनं येऊन आनीन."

हौसा आत जाऊन बसली. मास्तरांनी बस म्हटलं नाही, ऊठही म्हटलं नाही. ती पोरांच्या सुरात सूर मिसळून अकराचा पाढा म्हणायला लागली. अर्धा चुकत होती.

माझं नाव त्याच दुपारी हजेरीपटातून काढलं.

दुसऱ्या दिवशी मी घंटेच्या अर्धा तास आधी निघाले. आबा कामावर जायच्या तयारीत होते. त्यांनी विचारलं, नाव काढलंय तर कुठं निघालीस. मी सांगितलं. त्यांनी अडवलं नाही. वस्तीकडून येणारी वाट शाळेच्या फाटकाशी संपते, तिथं मी उभी राहिले. आमच्या बाजूच्या सात पोरी त्या शाळेत होत्या. एकेक येत होती. प्रत्येकीला थांबवलं आणि एकच गोष्ट सांगितली. टाळी वाजली तरी उठायचं नाही.